पॅन्क्रियास ट्रान्सप्लांट आणि सुस्त पोट: आधी, नंतर आणि घरी काय काय करायचं

माझ्या धाकट्या भावाला वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप १ डायबिटीस. पस्तिशीत किडन्या गेल्या, दीड वर्ष डायलिसिस झालं आणि मग किडनी आणि पॅन्क्रियास (स्वादुपिंड, इन्सुलिन बनवणारा अवयव) दोन्ही एकदम बसवले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आयसीयूच्या काचेबाहेर सिस्टरने सांगितलं, शुगर ११८, इन्सुलिन बंद, तेव्हा आईला उभं राहवेना. सत्तावीस वर्षं जिने घरात सुया मोजल्या तिला ते खरंच वाटत नव्हतं. आणि सहा आठवड्यांनी तोच मुलगा उलट्यांनी बेजार होऊन परत अ‍ॅडमिट, शुगर तेव्हाही छानच होती पण पोट जुनंच होतं.

नवीन पॅन्क्रियास शुगर सांभाळतो, पण सत्तावीस वर्षांत बिघडलेली पोटाची नस तो एका रात्रीत दुरुस्त करत नाही. आणि ज्या गोळ्यांवर तो नवीन पॅन्क्रियास जगतो त्या गोळ्या याच सुस्त पोटातून जायच्या असतात. आम्हाला हे कोणी एकत्र असं समजावलं नाही, तुकड्यातुकड्यात कळलं, म्हणून इथे सगळं एका ठिकाणी लिहितेय. मी डॉक्टर नाही, घरची माणूस आहे. औषधाचा प्रत्येक निर्णय तुमच्या ट्रान्सप्लांट टीमचा, पण त्यांना काय विचारायचं आणि घरी काय बघायचं हे आपल्याला यायलाच पाहिजे.

आधी नेमकं बिघडतं काय ते समजून घ्या

जठर म्हणजे नुसती पिशवी नाही. खालचा भाग घरच्या मिक्सरसारखा काम करतो, घट्ट अन्न घुसळून घुसळून एक-दोन मिलिमीटर इतकं बारीक करतो आणि मगच पुढच्या दारातून थोडं थोडं आतड्यात सोडतो. हे घुसळणं चालवते व्हेगस नावाची नस आणि जठराच्या भिंतीतल्या काही खास पेशी, ज्या लय धरतात. वर्षानुवर्षं शुगर वरखाली झाली की दोन्ही झिजतात. पातळ पदार्थाला दळायची गरज नसते म्हणून तो बऱ्यापैकी जातो, घट्ट मात्र बसून राहतो. यालाच गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली ना की पुढचं सगळं जेवणाचं गणित आपोआप सुटतं.

लक्षणं अशी: चार घासात पोट भरल्यासारखं होणं, जेवणानंतर तासन्‌तास वरच्या पोटात दगड ठेवल्यासारखं वाटणं, ढेकरांना सकाळच्या भाजीचा वास संध्याकाळी येणं, उलटीत आदल्या दिवशीचं अन्न ओळखू येणं. टाइप १ वाल्यांची अजून एक खूण असते, जेवणाआधी इन्सुलिन घेतलं की तासाभरात शुगर खाली आणि तीन-चार तासांनी एकदम वर, कारण इन्सुलिन वेळेवर पोचलं आणि जेवण पोटातच अडकलं.

पण काहीजणांना काहीच होत नाही, आणि मला वाटतं तिथेच जास्त फसगत होते. १९५८ साली कासँडर नावाच्या डॉक्टरने डायबिटीसमधल्या या प्रकाराला नाव दिलं, तेव्हा त्यांनी लिहिलेले पेशंटसुद्धा कसलीही तक्रार नसलेले होते. त्यामुळे "त्याला उलट्या होत नाहीत म्हणजे पोट ठीक आहे" असं धरून चालू नका.

आमच्याकडे हे वर्षानुवर्षं पित्त म्हणून खपलं. उलटी झाली की पित्त, भूक नाही की पित्त, डोकं दुखलं तरी पित्तच. शेवटी डायलिसिसच्या काळात स्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून बघितलं. रात्री आठपासून उपाशी होता तो, आणि सकाळी दहाला स्क्रीनवर मला मटकीचे दाणे दिसले, अख्खे, मोड आलेले, सालासकट. ती मटकी आदल्या दिवशी दुपारच्या डब्यातली होती. मी आईकडे बघितलं, आई स्क्रीनकडे बघत होती, कोणी काही बोललं नाही.

वेटिंग लिस्टवर नाव घालतानाच टेस्ट करून घ्या

ट्रान्सप्लांटच्या आधीच्या तपासण्यांची यादी मोठी असते, हृदय, दात, डोळे, रक्त, सगळं असतं, पोट रिकामं होण्याची टेस्ट मात्र दरवेळी असतेच असं नाही. तक्रार असो नसो, तुम्ही स्वतः विचारा. आधी स्कोपी, म्हणजे अल्सर किंवा खरोखरचा अडथळा नाही ना ते कळतं. मग गॅस्ट्रिक एम्प्टिइंग स्कॅन, तो न्यूक्लिअर मेडिसिन डिपार्टमेंटला होतो. अगदी थोडा रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ खाण्यात मिसळून देतात, मूळ पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग, ब्रेड, जॅम आणि पाणी असतं, आपल्याकडे काही ठिकाणी इडलीही वापरतात, त्यामुळे अंडं चालत नसेल तर आधीच सांगा. मग लगेच, १ तासाने, २ तासांनी आणि ४ तासांनी फोटो काढतात. ४ तासांनंतर १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न पोटात राहिलं असेल तर पोट सुस्त आहे. दोन तासांतच आटपतो म्हणाले तर चार तासांचा हवा असं नम्रपणे सांगा, कारण बऱ्याच जणांचं खरं दुखणं शेवटच्या फोटोतच दिसतं.

टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस पोट हलवणारी औषधं आणि पोट मंद करणारी औषधं दोन्ही बंद करायला सांगतात, ते डॉक्टरांना विचारूनच करायचं. आणि टेस्टच्या दिवशी शुगर २७५ च्या खाली पाहिजे, कारण नुसती शुगर चढलेली असली तरी पोट तेवढ्यापुरतं मंदावतं आणि रिपोर्ट खोटा वाईट येतो. युरिया वाढलेला असला तरी मळमळते, त्यामुळे आमच्या टीमने डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली होती, ते मला पटलं.

याच वेळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. पोट मंद करणारी औषधं भलत्याच कारणासाठी चालू असतात: पायाच्या आगीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, दुखण्यासाठी ट्रॅमॅडॉल, वजन किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड. आणि ती सगळ्यांच्या कपाटात असणारी पॅन-डी, ती नुसती अ‍ॅसिडिटीची गोळी नाही, तिच्यात डॉम्परिडोन असतं, म्हणजे पोट हलवणारं औषध. तसंच काही अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. मेडिकलमधून आपण ते पित्तासाठी म्हणून आणतो आणि डॉक्टरांना सांगतच नाही.

ट्रान्सप्लांट होईपर्यंत इन्सुलिनचं काय, तर जेवणाच्या आधी द्यायचं का नंतर, का विभागून, हे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून (डायबिटीसच्या तज्ज्ञाकडून) लिहून घ्या. उलट्या चालू आहेत, काही खाल्लं नाही म्हणून लांब चालणारं इन्सुलिन टाइप १ वाल्याने कधीही स्वतःहून बंद करायचं नाही, त्याने किटोन वाढून जिवावर बेततं. आणि शुगर खाली गेली तर बिस्कीट देऊ नका, ते पोटातच बसेल, ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या आणि त्यालाही नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो हे धरून चाला. घरात शुगर चढवणारं ग्लुकागॉन ठेवता येईल का ते विचारून ठेवा.

फोन येतो त्या रात्री

महाराष्ट्रात अवयवांचं वाटप झेडटीसीसी म्हणजे विभागीय ट्रान्सप्लांट समन्वय केंद्रामार्फत होतं, मुंबईचं वेगळं, पुण्याचं वेगळं, नागपूरचं, संभाजीनगरचं वेगळं. फोन कधीही येतो. पॅन्क्रियास बर्फात फार वेळ टिकत नाही, साधारण १२ तासांच्या आत बसवायचा प्रयत्न असतो, म्हणजे पोट रिकामं व्हायची वाट बघत कोणी थांबणार नसतं. आम्हाला फोन आला रात्री अकराला, आणि हा नऊला जेवला होता.

साध्या माणसाला सहा-आठ तास उपाशी ठेवलं की भूल देता येते. सुस्त पोटात मात्र बारा तासांनीही अन्न असू शकतं आणि भूल देताना ते वर येऊन फुफ्फुसात गेलं तर फार वाईट. म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहून भूलतज्ज्ञाच्या हातात द्यायच्या: गॅस्ट्रोपॅरेसिस आहे, शेवटचं घट्ट खाणं अमुक वाजता, शेवटचं पातळ अमुक वाजता. सर्जनला सांगितलंय म्हणजे भूलतज्ज्ञाला कळलंय असं नाही, त्या धावपळीत निरोप गळतात. आमच्या मॅडमनी कागद वाचला, लगेच पोटाची सोनोग्राफी केली, अन्न दिसलं, मग नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं आणि भूल देण्याची पद्धतही त्याप्रमाणे वापरली. पाचच मिनिटांचं काम, पण तो कागद फाइलमध्ये आधीपासून तयार पाहिजे.

लिस्टवर असताना रात्रीचं जेवण लवकर आणि पातळच ठेवायची सवय लावा, सगळ्याच बाजूंनी बरं.

हॉस्पिटलमधले पहिले दोन आठवडे

एक गोष्ट बऱ्याच नातेवाइकांना माहीत नसते, जुना पॅन्क्रियास काढत नाहीत, तो जागेवरच असतो. नवा खाली, बहुतेकदा उजव्या बाजूला बसवतात आणि त्याच्याबरोबर दात्याच्या लहान आतड्याचा एक तुकडाही येतो, कारण त्या पॅन्क्रियासचा पाचक रस कुठेतरी सोडायला लागतो. आता बहुतेक ठिकाणी तो रस आतड्यात सोडतात, पूर्वी लघवीच्या पिशवीत जास्त सोडायचे आणि अजूनही काही ठिकाणी सोडतात. तुमच्याकडे कुठे सोडलाय हे विचारून लिहून ठेवा, पुढे उलट्यांच्या वेळी त्याने फरक पडतो. लघवीच्या पिशवीत सोडला असेल तर त्या रसाबरोबर पाणी आणि बायकार्बोनेट सतत शरीराबाहेर जात असतं, मग दोन उलट्या झाल्या तरी माणूस लवकर सुकतो, रक्तातलं आम्ल वाढतं, आणि ग्राफ्टच्या, म्हणजे नव्याने बसवलेल्या अवयवाच्या, रक्तवाहिन्यांना असं सुकणं अजिबात मानवत नाही.

आतड्याला टाके घातले की काही दिवस आतडं झोपतंच, ते सगळ्यांचंच. त्यात याचं जठर आधीच सुस्त. त्यामुळे शेजारच्या बेडवाला चौथ्या दिवशी इडली खातोय आणि आपला अजून नाकातल्या नळीवर, असं होऊ शकतं आणि त्याने घाबरायचं नाही. तुम्ही एवढं करा:

- नळीतून दिवसाला किती येतं आणि त्याचा रंग कसा, ते रोज विचारून लिहा. हिरवं, भरपूर आणि वाढत जाणारं असेल तर राउंडला मुद्दाम सांगा.
- खाणं लांबत असेल तर "जठराच्या पुढे जाणाऱ्या नळीतून फीड सुरू करता येईल का" असं विचारा. ती नळी नाकातूनच जाते पण टोक लहान आतड्यात असतं, त्यामुळे सुस्त जठराला वळसा पडतो.
- दुखण्यासाठी ओपिऑइड (अफूच्या जातीची, ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामकं) कमीत कमी वापरता येतील का तेही विचारा, पण दुखणं सहन करत पडून राहू नका, दुखत असेल तर माणूस चालत नाही आणि चाललं नाही तर आतडं उठत नाही.
- पोट साफ होतंय का बघा. खाली तुंबलं की वरही तुंबतं.

गोळ्या तोंडाने जात नसतील तर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं मुख्य औषध, दुसऱ्या मार्गाने द्यायच्या पद्धती आहेत, जिभेखाली, नळीतून किंवा शिरेतून, प्रत्येकाचा डोस वेगळा असतो, ते संपूर्णपणे टीमचं काम. घरी कोणीही कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायचा प्रयोग करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्या

टॅक्रोलिमस जठरात शोषलं जात नाही, ते पुढे लहान आतड्यात शोषलं जातं. मधे जठर अडून बसलं तर गोळी उशिरा पोचते, कधी कालच्या जेवणाबरोबर अडकते, कधी उलटीत जाते. रक्तातली लेव्हल कमी झाली की रिजेक्शन, म्हणजे शरीर नवा अवयव नाकारतं, जास्त झाली की किडनीला मार आणि हात थरथरणं. या औषधात कमी आणि जास्त यातली जागा फारच अरुंद आहे, म्हणून सुस्त पोटवाल्याला शिस्त बाकीच्यांपेक्षा जास्त लागते.

सकाळ-संध्याकाळची गोळी असेल तर बारा तासांचं अंतर, घड्याळ लावून. "जेवणानंतर दोन तासांनी म्हणजे रिकामं पोट" हा नियम तुमच्या माणसाला लागूच होत नाही, दोन तासांनी त्याचं पोट भरलेलंच असतं. आमच्याकडे उपाय असा निघाला की संध्याकाळच्या गोळीच्या आधी चार-पाच तास घट्ट काही नाही, पाचला पेज किंवा कढण, नऊला गोळी, दहाला एक कप काहीतरी पातळ. सकाळी गोळी आठऐवजी नऊला आणि नाश्ता दहाला. तुमचं वेळापत्रक वेगळं असेल, पण एकदा ठरलं की रोज तेच. दिवसातून एकदा घ्यायच्या लांब चालणाऱ्या कॅप्सूलचा प्रकार सुस्त पोटाला चालेल का हे वेगळं विचारा.

लेव्हलच्या दिवशी रक्त गोळीच्या आधी द्यायचं, गोळी डब्यात बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. आदल्या रात्री गोळी किती वाजता घेतली आणि उलटी झाली का, हे लॅबच्या कागदावरच पेनने लिहा. लेव्हल मधेच उडी मारते तेव्हा डोस बदलायच्या आधी डॉक्टरांनी हे वाचलेलं असावं. आणि हो, जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची लेव्हल उलट वाढूसुद्धा शकते, तेव्हा जुलाबही कळवायचे.

दुसरी गोळी मायकोफेनोलेट. हिने स्वतःच मळमळ, उलट्या, जुलाब होतात, मग कळत नाही की दोष पोटाचा की गोळीचा. डॉक्टर डोस विभागून देतात, कधी प्रकार बदलतात. पोटाला त्रास कमी म्हणून आवरणाची गोळी देतात, पण ते आवरण जठराच्या पुढे गेल्यावरच विरघळतं, आणि इथे पुढे जाण्याचीच बोंब असते, म्हणून बदलताना त्यांना गॅस्ट्रोपॅरेसिसची आठवण करून द्या. गोळ्या कुटायच्या नाहीत, कॅप्सूल उघडायच्या नाहीत, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर मायकोफेनोलेटची पूड हवेत उडूच देऊ नका. पित्तासाठी ते घोटभर पातळ अँटासिड आपण सहज पितो ना, त्यातल्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियममुळे मायकोफेनोलेट कमी शोषलं जातं, तेव्हा न विचारता ते नकोच.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? आमच्याकडे नऊला गोळी आणि नऊ वीसला उलटी झाली. मी तसराळं उजेडात नेलं, बघितलं, पिवळसर पाण्यात कॅप्सूलची एक टोपी मऊ होऊन चिकटलेली, दुसरी सापडेना. भाऊ म्हणाला, "ताई, घेतो की परत एक." मी म्हटलं थांब. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करून तीन गोष्टी सांगितल्या: गोळी किती वाजता, उलटी किती वाजता, उलटीत गोळी दिसली का. त्यांनी डॉक्टरांना विचारून पाच मिनिटांत सांगितलं काय करायचं. प्रत्येक सेंटरचा नियम थोडा वेगळा असतो, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच हा नियम लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. मनाने दुप्पट घेऊ नका आणि मनाने सोडूही नका.

पोट हलवणारी औषधं, थोडं सावध

पोट हलत नाही म्हटल्यावर सगळ्यांना गोळी हवी असते. आहेत गोळ्या, पण ट्रान्सप्लांटवाल्याला प्रत्येकीत काहीतरी अट आहे.

एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असलं तरी पोट छान हलवतं, पण ते टॅक्रोलिमसची लेव्हल भसकन वाढवतं, क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच. गल्लीतल्या डॉक्टरने घसा दुखतोय म्हणून लिहून दिलं तरी टीमला विचारल्याशिवाय घेऊ नका. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे आपली पेरिनॉर्म, उलटीवर चालते, पण किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी लागतो आणि जास्त दिवस घेतली तर तोंडाच्या, जिभेच्या, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली सुरू होऊ शकतात, त्या कधीकधी कायमच्या राहतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००९ मध्ये यावर कडक इशारा दिला, १२ आठवड्यांच्या वर शक्यतो नको म्हणून. लेव्होसल्पिराइडनेही असा त्रास होतो, आपल्याकडे ते महिनोन्‌महिने चालू असतं आणि हात का कापतात हे कळत नाही, त्यात टॅक्रोलिमसनेही हात कापतात, मग अजूनच गोंधळ.

डॉम्परिडोन मेंदूत फारसं जात नाही म्हणून त्या बाबतीत बरं, पण ते हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवू शकतं. उलटीची ऑन्डानसेट्रॉन, काही अँटिबायोटिक्स, खुद्द टॅक्रोलिमस, सगळी त्याच यादीत. टॅक्रोलिमसने मॅग्नेशियमही कमी होतं. आणि ज्याच्या पोटाची नस गेलीय त्याच्या हृदयाच्या नसाही बऱ्याचदा दुबळ्या असतात. म्हणून असं औषध सुरू करायच्या आधी ईसीजी, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बघितलं का, एवढा प्रश्न विचारायलाच हवा. प्रुकालोप्राइड मूळ बद्धकोष्ठाचं औषध आहे, पण काही डॉक्टर जठरासाठीही देतात, त्याचाही डोस किडनी बघून ठरतो.

औषधांनी भागलं नाही तर पुढे जी-पोएम नावाची दुर्बिणीतून होणारी प्रोसिजर आहे, जठराच्या पुढच्या दाराचा स्नायू आतून कापतात, माणसावर ती पहिल्यांदा झाली ती २०१३ च्या सुमाराला. जठराला पेसमेकरसारखं यंत्र बसवायचीही सोय आहे. ट्रान्सप्लांटनंतर लगेच कोणी याच्या मागे लागत नाही, आणि लागूही नये असं माझं मत.

आणि घरगुती काढे, गुळवेल, अश्वगंधा, हे बंद म्हणजे बंद. आपण प्रतिकारशक्ती दाबायला एवढ्या गोळ्या घेतोय आणि वर ती वाढवणारं देतोय. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या पेशंटच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवलंय. मावशीला वाईट वाटेल, वाटू द्या.

जेवण: दळलेलं, कमी तुपाचं, थोडं थोडं

जे काम जठर करत नाही ते आपण स्वयंपाकघरात करायचं. दिवसातून सहा वेळा, एका वेळी वाटीभर. नवीन पॅन्क्रियास काम करत असेल तर इथे एक मोठी सुटका आहे, आता इन्सुलिनची वेळ गाठायची नसते, थोडं खाल्लं आणि उशिरा पचलं तरी तो त्याप्रमाणे इन्सुलिन सोडतो. त्यामुळे पेज, खिमट, मऊ भात या पूर्वी शुगरसाठी नको म्हटलेल्या गोष्टी आता चालतात, आहारतज्ज्ञांना विचारून.

आमच्याकडे चाललेलं: मुगाचं कढण गाळून, आसट भात आणि साधं वरण मिक्सरमधून काढलेलं, साळीच्या लाह्यांचं उकळून गार केलेलं पाणी, रव्याची पातळ खीर, नाचणीचं सत्त्व गाळून, लाल भोपळा आणि दुधी सालं काढून शिजवून घोटलेला, मऊ इडली सांबाराच्या पाण्यात कुस्करून, अंड्याचा पांढरा भाग पूर्ण शिजवून, पिकलं केळं थोडंसं, तेही पोटॅशियम बघून. साबुदाणा म्हटलं की आपल्याला खिचडी आठवते, ती शेंगदाण्याच्या कुटाने आणि तेलाने जड होते, पण त्याच साबुदाण्याची पेज एकदम हलकी. उपासाची भगर मऊ शिजवली तर तीही चालली.

नको ते: मटकी, चवळी, हरभरे सालासकट, गवार, शेवग्याच्या शेंगा, मेथीचे देठ, मका, पेरू, अंजीर, संत्र्याचा चोथा, ओल्या नारळाचं जाडसर वाटण, शेंगदाणे, तळण. धागे आणि सालं सुस्त पोटात एकमेकांत गुंतून गोळा होऊ शकतो, अक्षरशः गाठ, मग ती दुर्बिणीने काढायची वेळ येते. याच कारणाने पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल देऊ नका, दुसरी औषधं मागा. पपनस आणि ग्रेपफ्रूट पोटासाठी नाही तर टॅक्रोलिमससाठी बंद, त्याने लेव्हल वाढते.

तूप, तेल पोट मंद करतं, पण वजन घटत असेल तर सगळं कोरडं करून चालत नाही, पातळ पदार्थात मिसळलेला थोडा स्निग्धांश बऱ्याच जणांना झेपतो. भावाचं वजन महिन्यात चार किलो उतरलं तेव्हा आहारतज्ज्ञ मॅडमनी दुधातली प्रोटीन पावडर आणि पेजेत एक चमचा तूप सुरू केलं.

उलटी झाली की आपण लगेच नारळपाणी देतो. टॅक्रोलिमसने पोटॅशियम वाढतं आणि नारळपाण्यात ते भरपूर असतं, ओआरएसमध्येही असतं, तेव्हा आधी विचारा. मिक्सरमध्ये काढलेलं अन्न ताजंच द्यायचं, सकाळचं दुपारी नाही, मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून रोज गरम पाण्यात धुवायचं, त्या खाचेत किती काय अडकतं ते एकदा बघाच. उसाचा रस, बाहेरची चटणी, कच्चं दूध अर्थातच नाही.

खाताना बसून, चावून चावून, जेवल्यावर दोन तास आडवं नाही, अंगणात किंवा गॅलरीत दहा मिनिटं शतपावली.

कधी थांबायचं नाही

हे नीट वाचा. ट्रान्सप्लांटनंतरची प्रत्येक उलटी गॅस्ट्रोपॅरेसिसची नसते. ग्राफ्टला सूज, त्याच्या रक्तवाहिनीत गुठळी, रिजेक्शन, आतड्याला पीळ, जोडाला गळती, सीएमव्ही नावाचा व्हायरस पोटात, अल्सर, यातलं काहीही उलटीनेच सुरू होऊ शकतं. एकदा निदानाचं लेबल लागलं की डॉक्टरही आणि आपणही सगळं त्याच खात्यात टाकतो.

सहाव्या आठवड्यात आमचं तेच झालं. रविवारी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, घरी पाठवलं. ट्रान्सप्लांट झालंय हे मी तीनदा सांगितलं. सोमवारी आमच्या टीमकडे गेलो तर टॅक्रोलिमसची लेव्हल खाली आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वर, दोन दिवसांच्या गोळ्या शरीरात गेल्याच नव्हत्या. वेळेवर सावरलं, पण मला त्या रविवारची रात्र विसरता येत नाही. मी तेव्हाच थेट टीमला फोन करायला हवा होता.

तर या गोष्टी दिसल्या की दुसरीकडे न जाता लगेच आपल्या टीमला फोन करून हॉस्पिटल गाठा: लागोपाठ दोन डोस पोटात टिकले नाहीत, ताप, नव्या पॅन्क्रियासच्या जागी दुखणं किंवा फुगवटा, नव्या किडनीच्या बाजूला दुखणं, शुगर अचानक वाढायला लागणं, लघवी कमी होणं किंवा लाल होणं, पोट टणक फुगलंय आणि गॅससुद्धा सरत नाही, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा चुरा, उठल्यावर चक्कर. तिथे अमायलेज आणि लायपेज (पॅन्क्रियासला सूज आली की रक्तात वाढणारे त्याचे पाचक घटक), शुगर, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमस लेव्हल आणि गरज पडली तर ग्राफ्टची डॉपलर सोनोग्राफी, इतकं व्हायला हवं. लायपेज वाढलेलं असेल तर ते पोट सुस्त असल्यामुळे वाढत नाही, त्याचं कारण वेगळं शोधावंच लागतं.

वही आणि पुढचे महिने

शंभर पानी वही पुरते. तारीख, वजन, काय खाल्लं आणि किती वाजता, गोळीची वेळ, उलटी, शी झाली का, शुगर. दर फॉलोअपला शेवटची दोन पानं डॉक्टरांसमोर उघडी ठेवायची, ते वाचतात.

पोट सुधारतं का, हे सगळेच विचारतात. काहींचं सुधारतं, शुगर स्थिर राहिली आणि युरिया उतरला की मळमळ काही आठवड्यांतच कमी होते. नसेची दुरुस्ती मात्र महिन्या-वर्षांच्या हिशोबाने चालते आणि फार जुनं नुकसान असेल तर पूर्ण भरून येत नाही. म्हणून बरं वाटायला लागलं की एकदम डबा बदलू नका. तीन-चार दिवसांत एकच नवीन पदार्थ, दुपारच्या जेवणात, रात्री नाही, आणि त्या आठवड्यातली टॅक्रोलिमस लेव्हल बघून मग पुढचा.

भावाचं अकराव्या महिन्यात स्कॅन परत केलं. चार तासांनी आधी ३४ टक्के अन्न राहायचं, आता १७ राहिलं. म्हणजे अजून सुस्तच, पण निम्म्यावर आलं. आता तो दुपारी पाव भाकरी पातळ पिठल्यात भिजवून खातो, पंचवीस मिनिटं लावून. रात्रीचं कढण तसंच चालू आहे, संध्याकाळी पाचला, गाळून.